सीलबंद काचगोळा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा कशासाठी ते शेवटाकडे सांगतो, कारण त्या कारणाला हात घातला की विषय कोळंब्यांवरून देवावर जातो आणि एकदा तिकडे गेला की लवकर परतत नाही. (खरं तर तो त्याआधीच जाणार आहे. इलाज नाही.)

वस्तू अशी: ओंजळीत मावेल एवढा काचेचा गोळा, तोंड वितळवून कायमचं बंद केलेलं. झाकण नाही, बूच नाही, स्क्रू नाही. आत पाऊणभर मचूळ पाणी, वर थोडी हवा, तळाला वाळू आणि बारीक खडे, सुकलेल्या फांदीसारखं काहीतरी, हिरव्या केसांसारखं शेवाळ, आणि चार तांबूस कोळंब्या, एकेक जेमतेम सेंटिमीटरभर. शिवाय डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू. ते आहेत असं खोक्यावर लिहिलंय म्हणून मानायचं.

लेकीने वाढदिवसाला दिला. म्हणाली, "बाबा, आता कशाला तरी किल्ली देत बसायची सवय सोडा." मी बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. हाताला कंप सुटला तेव्हा दुकान बंद केलं, पण घरातली तीन भिंतीवरची घड्याळं अजून माझ्याच किल्लीवर चालतात आणि त्यांच्या किल्लीचा वार ठरलेला आहे. नातवाने खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. "आजोबा, याला काहीच करायचं नाही. खायला घालायचं नाही, पाणी बदलायचं नाही, धुवायचं नाही. स्वयंपूर्ण सृष्टी!"

"मग मी काय करायचं?"

"बघायचं."

'स्वयंपूर्ण' हा शब्द कुठल्याही यंत्राच्या खोक्यावर दिसला की माझा हात आपोआप भिंगाकडे जातो. गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगायचं, "घड्याळ उत्तम आहे हो, आपलं आपण चालतं, फक्त कालपासून बंद पडलंय." आपलं आपण चालणारं घड्याळ मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून पहिले दोन आठवडे मी या गोळ्याकडे संशयानेच बघत होतो.

पण यंत्र सुरेख आहे, हे मान्य केलं पाहिजे. तीन चाकं, दाते एकमेकांत अडकलेले. उजेड पडला की शेवाळ वाढतं आणि पाण्यात प्राणवायू सोडतं. कोळंब्या शेवाळ आणि जिवाणू खातात, तो प्राणवायू घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यांची घाण जिवाणू फोडतात, त्यातून शेवाळाला खत मिळतं, आणि तो कार्बन डायऑक्साइडही शेवाळालाच लागतो. बाहेरून कण जात नाही, आतून कण येत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हवाई विद्यापीठातल्या क्लेअर फोल्सम यांनी समुद्रकाठचं पाणी आणि जिवाणू चंबूत भरून सील केले होते, आणि ते चंबू वर्षानुवर्षं जिवंत राहिले. या गोळ्याचे पूर्वज ते. त्याहून आधी, 1829 च्या सुमारास, लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोष बघण्यासाठी बाटली बंद करून ठेवली, तर कोष राहिला बाजूला आणि मातीतून नेचा उगवला. बंद भांड्यात जग चालतं, ही गोष्ट तेव्हापासून माणसाला ठाऊक आहे. कोळंब्याही हवाईच्याच, समुद्राजवळच्या खडकातल्या डबक्यांमधल्या, जिथे गोडं आणि खारं पाणी जमिनीखालून एकत्र होतं.

खोक्याच्या मागच्या बाजूला मात्र बारीक अक्षरात एक ओळ होती. नातवाने ती वाचली नव्हती, मी भिंग लावून वाचली. रोज काही तास मंद प्रकाश आवश्यक.

म्हणजे स्वयंपूर्ण नव्हे. वस्तू बंद, पण उजेडाला उघडी. ही फसवणूक म्हणावी इतकी मोठी नाही, पण ती ओळ पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पृथ्वीचंही असंच आहे म्हणा. वरून थोडी उल्काधूळ पडते, थोडा हायड्रोजन निसटतो, बाकी माल तोच, फिरून फिरून वापरलेला. आणि वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सुमारे 1,361 वॉट ऊन येत असतं. ते थांबलं तर खोक्यावर काय लिहिलंय याला काही अर्थ उरत नाही.

शेजारचे मास्तर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. देव मानत नाहीत, पण देवाबद्दल बोलायला त्यांच्याइतकं कुणाला आवडत नाही. गोळा हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "घड्याळजी, हा तुमच्या देवाचा प्रश्न काचेत भरून आलाय बघा. करून ठेवलं आणि सोडून दिलं, की करून ठेवलं आणि हात लावून बसला?"

मग त्यांनी मला एक भांडण सांगितलं, जे माझ्याच धंद्याच्या नावाने झालं होतं आणि मला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. न्यूटनने लिहून ठेवलं होतं की ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढतात, त्याने कक्षांमध्ये बारीक बारीक बिघाड साचत जातो आणि कधीतरी सूर्यमालेला दुरुस्ती लागते. कुणाकडून, ते उघड आहे. 1715 च्या नोव्हेंबरात जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझने वेल्सची राजकन्या कॅरोलाइन हिला पत्र लिहून याची टर उडवली: यांच्या देवाला आपल्या घड्याळाला मधूनमधून किल्ली द्यावी लागते, साफसफाई करावी लागते, दुरुस्तीही करावी लागते, आणि जितक्या वेळा दुरुस्ती, तितका कारागीर कच्चा. न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्कने उत्तर दिलं: ज्या राज्यात राजावाचून सगळं चालतं, तिथला राजा नावापुरताच. दोघांची पाच-पाच पत्रं झाली आणि 1716 साली लाइबनिझ वारला म्हणून भांडण थांबलं.

"तुमचं मत काय? कारागीर म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

कारागीर म्हणून माझं मत असं की दोघांनीही घड्याळ उघडून नीट पाहिलेलं नसावं. मी त्यांना भिंतीवरच्या घड्याळाजवळ नेलं, दार उघडलं आणि म्हटलं, ऐका. टिक. टिक. हा आवाज कशाचा? लोकांना वाटतं, वेळ मोजल्याचा. तो धक्क्याचा आवाज आहे. लंबक एकदा हलवून सोडला तर हवेच्या आणि टांगणीच्या घर्षणाने त्याचा झोका हळूहळू लहान होत जातो आणि काही वेळाने तो थांबतो. म्हणून दर झोक्याला कात्रीसारखा एक तुकडा चाकाच्या दात्यावर येतो, दाता निसटता निसटता लंबकाला एक इवलासा रेटा देतो आणि पुढचा दाता लगेच अडतो. रेटा आणि अडवणूक, दोन्ही त्या एका टिकमध्ये. रेटा नसेल तर लंबक थांबेल. अडवणूक नसेल तर स्प्रिंग अख्ख्या आठवड्याची ताकद एका मिनिटात उधळून टाकेल. (माझ्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात नेमकं तेच झालं. त्या आवाजाची आठवण अजून येते.)

तेव्हा "एकदा किल्ली दिली की आपलं आपण चालतं" हे लाइबनिझचं घड्याळ जगात कुठेच नाही. किल्ली आठवड्यातून एकदा, पण सांभाळ प्रत्येक सेकंदाला. किल्ली देणारा हात दिसतो म्हणून आपण त्यालाच घड्याळ चालवणारा समजतो.

मास्तर हसले आणि त्यांनी मला चांगलंच पकडलं. "घर्षण आहे म्हणून रेटा लागतो. घर्षणच काढा. न्यूटनचा पहिला नियम काय सांगतो? चाललेली वस्तू चालत राहते. चालायला कारण लागत नाही, थांबायला लागतं. सूर्याभोवती पृथ्वी फिरते तिला टिक लागत नाही, घड्याळजी. सांभाळणाऱ्याला तिथे नोकरीच नाही."

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. खरं सांगायचं तर पुरतं अजूनही सुचलेलं नाही. एवढंच म्हणेन की नियम 'आहे' आणि नियम 'पाळला जातो' या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. माझ्या दुकानात भिंतीवर पाटी होती, उधार बंद. पाटीने उधारी कधी थांबवली नाही. थांबवली ती मी, ज्या दिवशी थांबवली त्या दिवशी. मास्तर म्हणतात निसर्गाचा नियम पाटी नव्हे, तो वस्तूचा स्वभावच आहे. मग स्वभाव टिकून कसा राहतो, हा माझा प्रश्न, आणि "टिकायला कारण कशाला हवं" हा त्यांचा. इथे आमची गाडी दर वेळी अडते आणि चहा येतो.

दहाव्या शतकातले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उदयनाचार्य माझ्या बाजूचे निघाले, हे मला पुढे वाचताना कळलं. त्यांचं म्हणणं असं की जड वस्तू आधाराशिवाय पडते. हे जग पडत नाही, त्या अर्थी कुणीतरी ते धरून ठेवलंय, आकाशात उडणाऱ्या पक्ष्याने काडी धरावी तसं. मास्तरांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच सांख्य दर्शनवाल्यांना पुढे केलं: वासरासाठी दूध आपोआप पाझरतं, दुधाला कुठे अक्कल असते? तशीच प्रकृती आपोआप चालते. यावर शंकराचार्यांचं उत्तर मला फार आवडतं. दूध आपोआप पाझरत नाही. गाय जिवंत आहे, तिला वासराची माया आहे, म्हणून पाझरतं, शिवाय वासरू ओढत असतं. आपल्या भाषेत तर त्याला शब्दच आहे, पान्हा फुटणं. पाण्याची टाकी फुटली तर आपण तसं म्हणत नाही.

असो. परीक्षण गोळ्याचं चाललंय.

तिसऱ्या महिन्यात सकाळी दिवा लावला तर तळाशी एक कोळंबी पडलेली. पांढुरकी, पारदर्शक, पाय वर. मला वाईट वाटलं, इतकं की माझं मलाच नवल वाटलं. नातवाला फोन केला. त्याने विचारलं, "बाकीच्या किती आहेत?" मोजल्या तर चार. मेलेली धरून पाच! ती कात होती. कोळंबी वाढताना अंगावरचं कवच टाकते, पायांसकट, मिशांसकट, अख्खं. दोन दिवसांत तेही नाहीसं झालं, कुणीतरी खाल्लं असणार. ही माहिती सोबतच्या पत्रकात नाही. असायला हवी. उगाच माणसाला सुतक लागतं.

आता माझी चूक सांगतो, कारण अभिप्राय लिहायचा तर खरा लिहावा.

पाचव्या महिन्यात शेवाळ फिकट पडल्यासारखं वाटलं. पत्रकात लिहिलं होतं, मंद प्रकाश. मला वाटलं मंद म्हणजे कंजूषपणा. बेचाळीस वर्षं हातात चिमटा धरलेल्या माणसाला नुसतं बघत बसणं जमत नाही. मी गोळा उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, थेट उन्हात. चार दिवसांत शेवाळ असं माजलं की काचेला आतून हिरवा लेप बसला आणि कोळंब्या दिसेनाशा झाल्या. बंद काचेतलं पाणी उन्हात तापतं हे मला कळायला हवं होतं. काच आणि ऊन यांचा अनुभव मला कमी नाही. सातव्या दिवशी गोळा हाताला कोमट लागला. परत जागेवर नेऊन लेप विरळ व्हायची वाट पाहिली. लेप विरायला तीन आठवडे गेले, आणि मोजल्या तर दोन. या वेळी कात नव्हती.

उघडून काही करता येत नाही, ही या वस्तूची सगळ्यात कठीण गोष्ट. माझ्या हाताला त्या तीन आठवड्यांत अक्षरशः खाज सुटत होती. घड्याळ बिघडलं तर मागचं झाकण काढता येतं. इथे काढायला झाकण नाही; काच फोडली तर वाचवायला काही उरत नाही.

मास्तरांनी मला धीर दिला, त्यांच्या पद्धतीने. म्हणाले, "तुम्ही दोन कोळंब्या मारल्यात, अमेरिकेत आठ माणसांची पाळी आली होती." ॲरिझोनात बायोस्फीअर 2 नावाचा काचेचा प्रचंड वाडा बांधला, सव्वा हेक्टरचा, आत जंगल, शेत, छोटा समुद्रसुद्धा. 1991 च्या सप्टेंबरात आठ माणसं आत गेली आणि दार सील झालं. हवेतला प्राणवायू सुरुवातीला नेहमीसारखा, 20.9 टक्के. सोळा महिन्यांत तो साडेचौदापर्यंत उतरला. माणसांना धाप लागायला लागली. कारण काय, तर शेतासाठी आणलेली माती फार कसदार होती. तिच्यातले जिवाणू प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो कार्बन डायऑक्साइड झाडांकडे परत जायच्या ऐवजी बांधकामाचं काँक्रीट शोषून घेत होतं. हिशेबात भिंत धरलीच नव्हती. 1993 च्या जानेवारीत शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. न्यूटनचा देव पंप घेऊन आला, म्हणा.

उलट उदाहरण एका इंग्रज गृहस्थाचं. त्याने 1960 साली मोठ्या काचेच्या बुधल्यात एक रोप लावलं, 1972 साली बूच काढून एकदा पाणी घातलं आणि मग कायमचं बंद केलं. त्यानंतर चाळीस वर्षं उलटून गेली तेव्हा बातम्या आल्या, बुधला हिरव्या पानांनी गच्च भरलेला. मला यातलं ते 1972 फार आवडतं. बारा वर्षांनी एकदा बूच काढावंसं का वाटलं असेल त्याला? रोपाला खरंच गरज होती, की त्याच्या हाताला?

आणि सूर्यमालेचं काय झालं, तेही सांगून टाकतो, कारण मी विचारलं होतं. गुरू भरभर आणि शनी सावकाश होत चालल्याचं दिसत होतं. 1785 साली लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की हा बिघाड साचत जाणारा नाही, सुमारे 900 वर्षांचा झोका आहे, जातो आणि परत येतो. दुरुस्तीवाल्याची गरज संपली असं सगळ्यांना वाटलं. पण 2009 साली फ्रान्समधल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर पुढची पाच अब्ज वर्षं 2,501 वेळा चालवून पाहिली, आणि साधारण शंभरात एकदा बुधाची कक्षा इतकी लांबुळकी झाली की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळायच्या बेतात येतो. म्हणजे न्यूटनचा संशय अगदीच खुळा नव्हता. फक्त वॉरंटी त्याला वाटली त्यापेक्षा बरीच लांब आहे.

उरलेल्या दोघींना मी त्यानंतर हात लावलेला नाही. गोळा कपाटावर, उन्हापासून दूर, आणि वर एक छोटा एलईडी दिवा. सकाळी आठला लावायचा, रात्री आठला बंद करायचा. आता माझं काम एवढंच. आणि हे काम करता करताच मला वाटायला लागलं की आमच्या भांडणात उदाहरणच चुकीचं निवडलं गेलं होतं. किल्ली देणं आणि दिवा लावणं यांत फरक आहे. किल्ली देऊन मी बाहेरगावी जाऊ शकतो, आठ दिवस घड्याळ माझ्याविना चालतं. दिव्याचं तसं नाही. दिवा काल लावला होता, याचा आज काही उपयोग नाही. उजेड साठवून ठेवता येत नाही, तो दर क्षणाला नवा यावा लागतो. तरीही दिवा आतलं काहीच करत नाही. शेवाळ कुठे वाढावं, कोणत्या कोळंबीने कुठलं टोक खावं, यातलं काहीही तो ठरवत नाही.

हे मला सुचलं म्हणून दोन दिवस मी खूश होतो. मग ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तोच दिवा सापडला, माझ्या आधी सातशे-तीसहून जास्त वर्षं. घरात ठेवलेला दिवा कुणाला नेमून देत नाही, कुणाला अडवत नाही, कोण काय करतंय हे त्याला ठाऊकही नसतं. पण घरातले व्यवहार त्याच्यामुळे चालतात. तेराव्या शतकातच, पार दुसऱ्या टोकाला, थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानेही उजेडच निवडला. बांधणारा निघून गेला तरी घर उभं राहतं, पण सूर्य गेला की हवेतला उजेड त्याच क्षणी जातो. जगाचं देवाशी नातं घराचं नसून हवेचं आहे, असं तो म्हणतो. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नसणार. ज्ञानेश्वर त्या दिव्यातून अलिप्तपणा दाखवतात, अक्वायनस अवलंबून असणं दाखवतो. माझ्या कपाटावरच्या दिव्यात दोन्ही आहेत आणि मला तेच पटतं: क्षणभरही सोडत नाही, आणि हातही घालत नाही.

याच्याही पुढे जाणारे आहेत. अल-गझाली हा इस्लामी धर्मपंडित, 1111 साली वारला, त्याचं म्हणणं कापूस आगीजवळ नेल्यावर जळतो तो आगीमुळे नव्हे. आग नुसती जवळ असते, जाळतो तो देव, प्रत्येक वेळी स्वतः. भक्तीच्या दृष्टीने हे भव्य आहे. पण माझा जीव यात गुदमरतो. चाकाने चाक फिरत नसेल, दात्याला दाता लागणं नुसतं दिसण्यापुरतं असेल, तर मी बेचाळीस वर्षं नेमकं काय दुरुस्त केलं? दाता झिजला की घड्याळ मागे पडतं आणि दाता बदलला की सुधारतं, हे मी हजारो वेळा पाहिलंय. देवाला मान द्यायचा म्हणून चाकांचा अपमान मी करणार नाही.

आता तो दीड तारा.

अर्धा तारा 'स्वयंपूर्ण' या शब्दासाठी आणि पत्रकात कातीचा उल्लेख नसण्यासाठी.

पूर्ण तारा यासाठी: दहाव्या महिन्यात मला कळलं की या जातीच्या कोळंब्या चांगल्या मोठ्या टाकीत वीस वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. सीलबंद गोळ्यात बऱ्याचशा दोन-तीन वर्षांतच संपतात. हळूहळू, कारण अन्न पुरतं म्हणजे मरू देणार नाही एवढंच पुरतं. शेवाळ जेवढं उगवतं तेवढंच, वर काही नाही. ते वाचल्यावर मी भिंगातून पाहिलं. माझ्या दोघी आणल्या तेव्हा होत्या त्याहून लहान दिसतात. माझा भास असेल. पहिल्या दिवशी मोजायला हवं होतं. पण शंका एकदा आली की जात नाही. ज्याला मी सुरेख यंत्र म्हणत होतो तो कदाचित नीट आखलेला उपवास आहे.

आणि इथे माझा दिवाही कमी पडतो. दिवा बारा तास चोख लागतो, एक मिनिट चुकत नाही, आणि त्याच्या खाली एक जीव भुकेला असू शकतो. 'सांभाळतो' म्हणजे 'पोटभर देतो' असं कुणी कबूल केलेलं नाही, हे मला या गोळ्याने दाखवलं. तुकोबा म्हणतात, चालविसी हातीं धरूनियां. हात धरणारा देव वेगळा आणि कपाटावरचा दिवा वेगळा. मला हवा आहे पहिला, पटतो दुसरा. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते प्रथमच काही बोलले नाहीत. गोळा उचलून उजेडाकडे धरला, पुष्कळ वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "हिच्या पाठीवर ठिपका आहे बघा, तुमच्या लक्षात आलाय का?" आला नव्हता.

घ्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. थेट उन्हात ठेवू नका, हिवाळ्यातसुद्धा. लहान मुलांच्या हाती हलवायला देऊ नका. काचेच्या आतून लेप धरला तर उजेडाचे तास कमी करा आणि थांबा. दुसरा उपाय नाही. पांढरी पारदर्शक कोळंबी दिसली तर आधी मोजा, मग रडा. दिवा विकत मिळतो तो सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. जिवंत प्राणी असा बंद करून विकावा का, यावर माझं उत्तर आता 'नको' असं आहे; नुसत्या शेवाळाचा गोळाही मिळतो, तो घ्या. मला कुणी दुसरा दिला तर मी तोच मागेन.

विक्रेत्याला पत्रकाबद्दल लिहिलं होतं. दुरुस्ती करू असं उत्तर आलं, पुढे काही झाल्याचं दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीकडे जायचं आहे, नऊ दिवस. घड्याळांना किल्ली देऊन जाईन, आठव्या दिवसानंतर ती बंद पडली तर पडोत. दिव्याला आपोआप लागणारा-बंद होणारा टायमर बसवा असं नातू म्हणतो. आणूनही ठेवलाय. मी मात्र मास्तरांना किल्ली दिली आहे, घराची. सकाळी आठला येऊन दिवा लावायचा, रात्री आठला बंद करायचा. "टायमर असताना मी कशाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, या तरी. आलात की मोजा, दोन आहेत.